सात नंबरचे 43 फॉर्म

मतदार यादीतून शेजाऱ्यांची नावं काढायला निघालेला एक पोरगा आणि त्याची आई, यांचं हे प्रकरण मी आजवर चार-पाच जणांना सांगितलं असेल. ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "पोरगा कोणत्या बाजूचा?" नागपुरात हा प्रश्न फार सहज येतो. 1925 च्या दसऱ्याला संघ इथे स्थापन झाला, 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षा इथे घेतली, आणि हिवाळी अधिवेशनाला सगळ्या पक्षांचे झेंडे इथेच येतात. अशा गावात राहणाऱ्याला बाजू ओळखायची सवयच लागते. आडनावावरून, वस्तीवरून, गाडीवरच्या स्टिकरवरून.

मी बाजू सांगणार नाही. गुप्तता हे एक कारण. दुसरं असं की एका मैत्रिणीला मी बोलता बोलता ती सांगून बसले, आणि त्यानंतर तिने पुढचं काही ऐकलंच नाही. तिच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपलं होतं.

मी मानसशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत समुपदेशनाला बसते. माय-लेकांना विचारून हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, घडलेलं बदललेलं नाही.

पिशवी

2023 ची दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. पन्नाशीच्या एक बाई आल्या, अंगणवाडी सेविका. हातात साडीच्या दुकानाची पिशवी. बसायच्या आधीच ती त्यांनी टेबलावर ठेवली. "मॅडम, हे आमच्या धाकट्याच्या गादीखाली सापडलं. मी गॅसचं पुस्तक शोधून राहिली होती."

पिशवीत 43 फॉर्म होते. मतदार यादीत नाव घालायला फॉर्म 6 असतो, दुरुस्तीला 8, आणि यादीतल्या कुणाच्या नावावर हरकत घ्यायला किंवा ते काढायला 7. माणूस वारला, कायमचा दुसरीकडे गेला, नाव दोनदा आलं, वय भरलेलं नाही, नागरिकच नाही, यांपैकी कारणावर खूण करायची. हा फॉर्म लागतोच, नाहीतर वारलेली माणसं यादीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. पिशवीतल्या 43 ही फॉर्मांवर कारण मात्र एकच होतं: कायमचे स्थलांतरित. निळं बॉलपेन, सुवाच्य अक्षर, एकच हात.

आता यातली गाठ अशी की ही नावं यादीच्या ज्या भागातली होती, बाई त्याच भागाच्या बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, होत्या. हे काम बऱ्याच ठिकाणी अंगणवाडी सेविकांकडे किंवा शिक्षकांकडे असतं, आणि तेव्हा यादीचं पुनरीक्षण चालू होतं. हे फॉर्म जमा झाले असते, तर घरोघरी जाऊन खातरजमा करायचं काम त्यांच्याच वाट्याला आलं असतं. "यातल्या बत्तीस जणांच्या घरी मी मागच्याच महिन्यात जाऊन आली, मॅडम. माणसं आहेत घरी. एका बाईने तर परवा फराळ दिला मला."

फॉर्मांखाली एक जाड प्रिंटआउट होता. त्यांच्या भागाची पूर्ण यादी, अकराशेच्या वर नावं. यादी कुणालाही उतरवून घेता येते, त्यात गुपित काही नाही. पण त्या पीडीएफमधली मराठी नावं सरळ एक्सेलमध्ये येत नाहीत. पोराने अकरा रात्री बसून ती हाताने टाइप केली होती. मग रंग भरले होते. पांढरं म्हणजे आपलं. लाल म्हणजे त्यांचं. पिवळं म्हणजे आपल्यातलंच, पण भरवशाचं नाही.

पिवळ्यांत त्याला सातवीत गणित शिकवणारे सर होते. आईने त्याला विचारलं होतं, सरांनी काय केलं रे? तो म्हणाला, "ते सगळ्यांशी बोलतात."

ते वाक्य ऐकून मी वहीवरचं पेन खाली ठेवलं. लाल रंग मला अपेक्षित होता. पण अशा गटांचा पहिला पहारा नेहमी आपल्याच माणसांवर बसतो, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि एका मास्तरांच्या नावावर पिवळा हायलायटर फिरलेला पाहणं वेगळं.

धाकटा

वय 24, बी.कॉम. दोन वर्षं पोलीस भरतीसाठी पहाटे मैदान. मग 2023 ची तलाठी भरती: जागा 4,644 आणि अर्ज 10 लाखांच्या वर. शेवटी नागपूरलगतच्या वाडीला एका गोदामात रात्रपाळी, बारकोड स्कॅन करायचं काम. थोरला भाऊ पुण्यात, चांगल्या नोकरीला. घरात फ्रिज घ्यायचा तरी पुण्याला फोन लागायचा.

आईला वाटत होतं, पोराला परीक्षेचं दुःख आहे. तो ते बोललाही नाही. त्याने मला एका लग्नाची तारीख सांगितली. पंगतीत मामाने विचारलं होतं, "काय करून राहिला बे आजकाल?" आणि उत्तर यायच्या आत म्हटलं, "जाऊ दे, तिकडे मठ्ठा वाढ." आईला हा प्रसंग आठवतही नव्हता. त्याला मठ्ठ्याच्या जगचा रंग आठवत होता.

आरी क्रुग्लान्स्की या मानसशास्त्रज्ञाने याच गोष्टीचा पाठपुरावा केला. माणूस टोकाला जातो तेव्हा तीन गोष्टी जुळून येतात असं त्याचं म्हणणं: आपल्याला किंमत असावी ही गरज, ती किंमत कशी मिळेल हे सांगणारी कथा, आणि ती कथा खरी आहे असं रोज म्हणणारी माणसं. गरज, कथा, जाळं. गरज तर सगळ्यांनाच असते, मलाही आहे, नाहीतर निवृत्तीनंतर या खोलीत कशाला बसले असते! पण मठ्ठा वाढायला पाठवलेल्या पोराला ती जास्त टोचते.

कथेची सुरुवात गडर लाइनीपासून झाली, आणि ती तक्रार शंभर टक्के खरी होती. वस्तीतली गटाराची लाइन पावसाळाभर तुंबत होती, पाणी अंगणवाडीच्या पायरीपर्यंत यायचं. पोराने अर्ज केला. कार्यालय कुठलं ते जाऊ द्या, पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. एरवी अशा वेळी माणूस नगरसेवकाच्या दारात जाऊन ओरडतो. पण मार्च 2022 पासून महापालिकेवर प्रशासक होता, निवडणूक लांबलेली होती, 151 नगरसेवकांची मुदत संपून गेली होती. मतदार यादी होती, मतदार होते, मधली पायरी नव्हती. लोकशाहीला धोका म्हटलं की आपल्याला दिल्ली-मुंबई दिसते. मला मात्र ही गळालेली पायरी दिसते, कारण तिथेच उभं राहून शिव्या देता येतात आणि शिव्या खाणारा कुणीतरी समोर असतो.

त्या रिकाम्या जागी ग्रुप आला. एका मित्राने जोडून दिलं. अॅडमिन नागपूरचा नव्हता. पोराने त्याला आजवर पाहिलेलं नाही, फक्त आवाज ऐकलाय. त्याने गडरचं कारण सांगितलं: "त्यांच्या" वस्तीची लाइन मुद्दाम आपल्या लाइनीत सोडली आहे. हे खोटं होतं. पण उत्तर होतं, आणि चार महिन्यांत मिळालेलं ते पहिलंच उत्तर होतं.

मग एका रात्री पावणेबाराला व्हॉइस नोट आली. त्याने ती मला ऐकवली. "भाऊ, एक्सेल येणारा आपल्याकडे तूच. तुझ्याशिवाय हे जमत नाही." दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये त्याच्या नावापुढे पद लागलं: डेटा प्रमुख. घरात त्याला दिवसातून एकदा "जेवला का?" एवढंच विचारत होते.

विचारसरणी या सगळ्यात किती होती? माझं प्रामाणिक उत्तर: थोडी, आणि उशिरा आलेली. मोस्कोविसी आणि झाव्हालोनी या मानसशास्त्रज्ञांनी 1969 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पॅरिसमध्ये शाळकरी मुलांचे गट बसवून फ्रेंच नेता द गॉलबद्दल आणि अमेरिकनांबद्दल चर्चा घडवली. द गॉल आधीच थोडा आवडत होता, तो चर्चेनंतर जास्त आवडू लागला. अमेरिकन आधीच थोडे नावडते होते, ते आणखी नावडते झाले. एका दिशेला कललेली माणसं आपसातच बोलत राहिली की मध्यावर येत नाहीत, कड्याकडे सरकतात. धाकट्याच्या ग्रुपमध्ये 180 माणसं होती आणि चर्चा रात्री दोनपर्यंत चालायची.

एक शब्द आईला सगळ्यात जास्त लागला. निवडणूक कार्यालयाच्या पत्रांत "मतदार यादी शुद्धीकरण" असं लिहिलेलं असतं. ग्रुपमध्येही हाच शब्द फिरत होता, "आपल्या वस्तीचं शुद्धीकरण". बाई म्हणाल्या, "माझ्या कामाचा शब्द चोरला त्यांनी."

माझी चूक

पहिल्या भेटीत मी जे केलं ते विद्यार्थ्यांना करू नका म्हणून सांगत आले होते. मी वाद घातला. गडर लाइनीचा उतार, यादीचे नियम, संविधान, सगळं. तो शांतपणे ऐकत होता, आणि मला वाटलं पटतंय. उठताना म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण बोलता सगळ्यांशी." त्या रात्री त्याच्या खासगी यादीत माझं नाव पिवळ्या रंगात गेलं. हे त्यानेच दोन महिन्यांनी हसत सांगितलं.

एक स्पष्ट करायला हवं, कारण आईच्या मनात तीच भीती होती. पोराला मानसिक आजार नव्हता. झोप कमी होती, चिडचिड होती, बाकी तपासण्यासारखं काही नव्हतं. टोकाच्या राजकारणात गेलेली माणसं सरसकट मनोरुग्ण असतात हा समज सोयीचा आहे, अभ्यासाला तो टिकत नाही. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या सुमारास ब्रिस्टलच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे गट पाडले होते, म्हणे कोणाला क्लेची चित्रं आवडतात आणि कोणाला कान्डिन्स्कीची. खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखेच पाडले होते. त्या मुलांना एकमेकांत पैसे वाटायला दिले. आपल्या गटाला एकूण कमी मिळाले तरी चालतील, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळायला हवेत, असा त्यांचा कल निघाला. धडधाकट, अभ्यासू, कुणाशी भांडण नसलेली पोरं. चित्रांवरून एवढं होतं, तर आडनावांवरून किती!

कोरा कागद

दुसऱ्यांदा तो आला ते आईने जेवण टाकलं म्हणून. मी वाद घालायचं सोडलं. कोरा कागद दिला. "हे 43 फॉर्म दिले, पुढे काय काय होतं ते क्रमाने लिहून दे. मला यातलं कळत नाही." खरंच कळत नव्हतं.

त्याने झटक्यात लिहिलं. एक, फॉर्म जमा. दोन, नावं कटली. तीन, वस्ती आपली.

"एक आणि दोनच्या मध्ये काय होतं?"

"ऑफिसवाले करतात."

"त्यांना कसं कळतं, माणूस खरंच गेलाय की नाही?"

"नोटीस काढतात. चौकशी करतात घरी जाऊन."

"कोण जातं?"

पेन थांबलं. बाहेर वाचनालयाचा शिपाई खुर्च्या सरकवत होता. धाकट्याने एक आणि दोनच्या मधल्या जागेत "बीएलओ" लिहिलं, मग ते खोडलं आणि "आई" लिहिलं.

मी काही बोलले नाही. तोच म्हणाला, "ती खोटं लिहिणार नाही."

"मग?"

"मग तिच्यावर दबाव येईल." आणि थोड्या वेळाने, "माझ्याच ग्रुपकडून."

मग दोन आणि तीनच्या मधलं विचारलं. एका विधानसभा मतदारसंघात तीन लाखांहून जास्त मतदार. 43 नावं गेली, तर वस्ती "आपली" कशी होते? त्याने फोनवर भागाकार केला. शून्य पूर्णांक शून्य एक टक्का. कॉमर्सचा पोरगा, आकडा पाहून त्यालाच कसंतरी झालं. मी विचारलं, ग्रुपमध्ये कुणी हे गणित केलं नव्हतं? "गणित करायला मीच होतो ना."

शेवटी त्याने स्वतःहून फॉर्म उलटे-पालटे करून एक रकाना पाहिला. हरकत घेणाऱ्याचं नाव. हरकत घेणारा त्याच मतदारसंघातला मतदार असावा लागतो. अकरा फॉर्मांवर त्याचं स्वतःचं नाव होतं, बाकीच्यांवर वस्तीतल्या चार मित्रांची. अॅडमिनचं नाव कुठेच नव्हतं. फॉर्ममध्ये खोटं निवेदन केलं तर 1950 च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे फॉर्मच्या तळाशी छापलेलं असतं. अकरा रात्री एकेक नाव टाइप करणाऱ्याने ती ओळ वाचली नव्हती.

"कसं" विचारण्याची ही रीत माझी नाही. फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी 2013 साली दाखवलं होतं की एखादं धोरण नेमकं कसं चालतं हे पायरीपायरीने समजावून सांगायला लावलं, की माणसांची मतं थोडी मवाळ होतात. "तुला असं का वाटतं" विचारलं तर होत नाहीत, कारण "का" ला आपल्याकडे उत्तरं तयार असतात. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, म्हणून मी सगळा भार यावर टाकत नाही. त्या संध्याकाळी मात्र "का" विचारलं असतं तर मला पुन्हा भाषणच ऐकावं लागलं असतं.

त्याने प्रतिवादही चांगला केला. "मॅडम, फॉर्म 7 कायदेशीर आहे. त्यांनी पण भरावे आमच्यावर." हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. लेवित्स्की आणि झिब्लाट या दोन राज्यशास्त्रज्ञांनी देशोदेशीच्या मोडलेल्या लोकशाह्या तपासल्या, तेव्हा त्यांना दोन अलिखित गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. समोरच्यालाही राजकारणात असायचा आपल्याइतकाच हक्क आहे हे मानणं, आणि हातात असलेला कायदेशीर अधिकार शेवटच्या थेंबापर्यंत न वापरणं. दुसरी गोष्ट मी त्याला कॅरमच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही. त्याला ती घरी जाऊन कळली.

पेन्सिल

हा भाग मी पाहिलेला नाही. दोघांकडून वेगवेगळा ऐकला आणि दोन्हीकडचं जुळलं.

रविवारी दुपारी बाईंनी रंगीत यादी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरली, हातात पेन्सिल घेतली आणि त्याला समोर बसवलं. "हे लाल काहून?" "आडनाव." "हे चौधरी आणि मागच्या गल्लीतले चौधरी सख्खे चुलतभाऊ आहेत. त्यांना तू पांढरं केलं." विदर्भात आडनावावर रंग भरणं म्हणजे वाळूवर रेघा ओढणं. मेश्राम गोंडांतही आहेत आणि बौद्धांतही, चौधरी हिंदूंतही आणि मुसलमानांतही, त्यात पुन्हा नाना जातींत.

"हे गेले कोरोनात. सुनेला दोनदा सांगितलं फॉर्म भर म्हणून. ती हो म्हणते, पेन घेते आणि रडत बसते."

"ही मानेवाड्याला भाड्याने गेली, पण सामान इथेच आहे, दर आठवड्याला येते."

"हे पिवळे काहून? अच्छा, सर. बरं."

तीन-चार तास हे चाललं. 43 पैकी खरोखर काढण्यासारखी नावं निघाली सहा: चार वारलेले, दोन कायमचे गेलेले. पोराने फॉर्म फाडायला घेतले तर बाईंनी हात धरला. "सगळे नको फाडू. हे सहा खरे आहेत, हे रीतीने करू. त्या सुनेकडे तू चाल माझ्यासंगं."

मी त्याला विचारलं, त्या दुपारी काय वाटलं? मला पश्चात्तापाची अपेक्षा होती. तो म्हणाला, "माझा डेटा इतका खराब होता याचा राग आला." वाईट वाटलं ते नंतर. आधी कारागिराचा अभिमान दुखावला, आणि माझ्या मते खिळा सैल झाला तो तिथे. 2022 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळलं होतं की दोन्ही पक्षांचे लोक समोरच्या पक्षात हिंसेला किती पाठिंबा आहे याचा अंदाज फार फुगवून करतात, आणि खरा आकडा दाखवला की त्यांचा स्वतःचा हिंसेकडचा कलही कमी होतो. नागपुरातल्या एका ओट्यावर तो आकडा एका बीएलओच्या डोक्यात होता.

दोन गाऱ्हाणी

4 डिसेंबर 2023 पासून राज्यातल्या अंगणवाडी सेविकांचा बेमुदत संप सुरू झाला. सेविकेचं मानधन तेव्हा 10 हजारांच्या आसपास होतं. अधिवेशनावर मोर्चा निघाला तेव्हा धाकट्याने आईला गाडीवर यशवंत स्टेडियमपाशी सोडलं. आणि काय वाटलं कोण जाणे, दिवसभर तिथेच थांबला.

इथे मला या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट दिसते. गाऱ्हाणं माय-लेक दोघांकडेही होतं. अपमानही दोघांचा झाला होता, आणि आईचा जास्त वर्षांचा होता. पण तिचं गाऱ्हाणं ज्या भांड्यात पडलं त्या भांड्याला काठ होते: संघटना, वर्गणी, घोषणा, पोलिसांनी अडवायची ठरलेली जागा, शिष्टमंडळ, निवेदन. तिच्या रांगेत त्याच्या यादीतले तिन्ही रंग होते. एका लाल घरातली सेविका आणि आई एकाच डब्यातून ठेचा-भाकर खात होत्या. संध्याकाळी बाई घसा बसलेल्या अवस्थेत परत निघाल्या. पोराने विचारलं, "काय मिळालं?" "आश्वासन." "मग काय फायदा?" "उद्या परत येऊ."

मोर्चा ही काही गोड गोष्ट नाही. याच गावात 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 माणसं गेली, त्यांचं स्मारक सीताबर्डीत उभं आहे. आणि 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी तर सत्याग्रहालाही अराजकाचं व्याकरण म्हटलं होतं. ते वाक्य सगळे उद्धृत करतात. त्याच्या शेजारचं कमी करतात: घटनात्मक मार्ग मोकळेच नव्हते तेव्हा त्या जुन्या पद्धतींचं बरंच समर्थन करता येत होतं, आता मार्ग मोकळे आहेत म्हणून ते करता येत नाही. मार्ग मोकळे असणं ही त्या इशाऱ्यातली अट आहे. गडरच्या अर्जाला चार महिने उत्तर न आलेल्या पोराला हा इशारा अर्धाच ऐकवला, तर तो आपल्याला पिवळ्यात टाकणारच.

जमा न झालेले फॉर्म

मला झोप लागू नये असा एक प्रश्न उरला. हे कळवायचं का? फॉर्म दिलेच गेले नव्हते, त्यामुळे खोट्या निवेदनाचा गुन्हा पुरा झाला नव्हता. पण ग्रुपमध्ये आणखी भागांचे "डेटा प्रमुख" होते. पोराचं नाव द्यावं तर तो कायमचा त्यांच्याकडे जाणार, न द्यावं तर दुसऱ्या कुणाची नावं जातील.

मार्ग बाईंनीच काढला. त्या आपल्या पर्यवेक्षकांना भेटल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे "स्थलांतरित" कारणाचे फॉर्म गठ्ठ्याने यायची चर्चा आहे, सगळ्या बीएलओंना दारात जाऊनच खात्री करायला सांगा. नियमही त्यांच्या बाजूचे होते. गठ्ठ्याने आलेले अर्ज घ्यायचे नसतात, पक्षाच्या प्रतिनिधीलाही तेव्हा एका दिवसात दहाच अर्ज देता येत होते. मुलाचं नाव त्यांनी घेतलं नाही. हे बरोबर झालं का? माझ्या दोन सहकाऱ्यांच्या मते नाही. मी अजून बाईंच्या बाजूने आहे, पण सहकाऱ्यांचं म्हणणंही वहीत लिहून ठेवलंय.

पोरगा आठवडाभर आईशी बोलला नाही. ग्रुप त्याने सोडला नाही, म्यूट केला. मार्चमध्ये अॅडमिनने त्यालाच "निष्क्रिय" म्हणून काढलं, आणि त्या दिवशी त्याला वाईट वाटलं. मला फोन आला, "मॅडम, साधं कारणसुद्धा नाही विचारलं." ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्याला मोकळं वाटतं ही आपली कल्पना असते. त्याला पद गेल्यासारखं वाटलं, कारण पद गेलंच होतं. जर्मनीत 2000 सालापासून अतिउजव्या गटांतून बाहेर पडणाऱ्यांना मदत करणारी एक्झिट नावाची संस्था आहे. काम, घर, नवी ओळखीची माणसं यांत तिचा बराच वेळ जातो तो याचसाठी. आमच्या हाताशी तसं काही नव्हतं. आमच्याकडे आई होती.

त्याची मतं बदललेली नाहीत. 19 एप्रिल 2024 ला त्याने मत दिलं, आधी ज्यांना देणार होता त्यांनाच, आणि हे त्याने मला जरा ठासून सांगितलं. त्यावर माझं काही म्हणणं नाही. कडक मत असणं हा माझ्या खोलीतला विषय नाही. शेजाऱ्याचं मतच नको, इथून तो सुरू होतो.

मतदानाआधी मतदार चिठ्ठ्या वाटायला तो आईबरोबर फिरला. एका लाल घरी काकूंनी चिठ्ठी पाहिली आणि त्याला दारातच झापलं. तीन निवडणुका झाल्या, नावातली वेलांटी कुणी नीट करत नाही, तुम्ही पोट्टे करता काय दिवसभर? त्याने खिशातून पेन काढलं, योग्य वेलांटी विचारून घेतली आणि निवडणूक झाल्यावर त्यांचा फॉर्म 8 भरून दिला. अक्षर तेच, निळं बॉलपेन तेच.

शेवटची नोंद 17 मार्च 2025 च्या रात्रीची आहे. नागपूरच्या महाल भागात दगडफेक आणि जाळपोळ झाली होती, नंतर हंसापुरीतही. अफवा गाड्यांच्या पुढे धावत होत्या, पाठोपाठ संचारबंदी लागली. साडेअकराला धाकट्याचा फोन आला. त्याच्याकडे एक व्हिडिओ आला होता, त्याने तो गोदामातल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला होता, आणि मग नीट पाहिल्यावर लक्षात आलं की व्हिडिओतल्या दुकानाची पाटी नागपुरातली नाहीच, भाषाच दुसरी आहे. त्याने तो सगळ्यांसाठी डिलीट केला. आठ मिनिटं लागली.

"तोवर किती जणांनी पाहिला?" मी विचारलं.

"बारा," तो म्हणाला. "नावं आहेत माझ्याकडे. एकेकाला फोन करून राहिलो."